गव्हाणीतला पेंढा आणि उपक्रमाचे फोटो

"बाई, उद्यापासून माझ्यावर चांगुलपणा करू नका म्हणावं सगळ्यांना."

गेल्या वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, सहावीतला एक मुलगा माझ्या टेबलाशी येऊन एवढंच बोलला. रागाने नाही, रडतही नव्हता. बसचे सुट्टे पैसे मोजून द्यावेत तशा त्याने खिशातून एकेक वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. चार पेन्सिली, एक शार्पनर, अर्धा बिस्किटाचा पुडा, दोन चिक्क्या. सगळं आदल्या दोन दिवसांत वर्गातल्या मुलांनी त्याला दिलेलं. मग तो खिचडीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्यानंतर तीन दिवस तो शाळेत आला नाही.

हे वर्षभर मनात होतं. आज आगमनकाळाचा तिसरा रविवार, म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगते.

मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत शिकवते. शाळा ख्रिस्ती संस्थेची. नाव देत नाही, कारण चूक माझी होती, तिची पाटी शाळेच्या गळ्यात नको. मी शाळेत लागले तेव्हा वर्गात निम्म्याहून जास्त मुलं आमच्या ख्रिस्ती घरांतली असायची. आता ती बहुतेक इंग्रजी शाळेत गेली. मराठी शाळा टिकली आहे ती कोळीवाड्यातल्या, वाड्यांवर राबणाऱ्या, नालासोपाऱ्याच्या चाळींतून येणाऱ्या मुलांमुळे. जव्हार-मोखाड्याहून दिवाळीनंतर कामाला खाली उतरणाऱ्या कुटुंबांचीही काही मुलं असतात. म्हणजे 'मराठी वाचवा'चं ओझं आज नेमकं कोणाच्या दप्तरात आहे बघा. असो, तो वेगळा विषय.

ख्रिस्ती नसलेल्या मित्रांसाठी थोडं सांगते. आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार आणि त्यांच्या मधले दिवस. ३० नोव्हेंबरला संत आंद्रेयाचा सण असतो, त्याच्या सगळ्यात जवळच्या रविवारी हा काळ सुरू होतो. यंदा तो नेमका ३० तारखेलाच आला, म्हणजे २४ डिसेंबरपर्यंत पुरे २५ दिवस मिळाले. या दिवसांत फादरांचा झगा जांभळा असतो. वेदीजवळ हिरव्या पानांचं चक्र ठेवतात, त्यात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटते. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, कारण अर्धी वाट सरली, आता आनंद करायला हरकत नाही. आज सकाळी ती गुलाबी पेटली. हा काळ वाट बघण्याचा, मन झाडून घेण्याचा. शेजारच्या घरी मार्गशीर्षातले गुरुवार पाळतात ना, साधारण तोच भाव. फक्त आमच्याकडे आता वाट बघणं कमी झालंय. नोव्हेंबर संपायच्या आत कंदील लागतात, केकच्या ऑर्डरी सुरू होतात, आणि २५ तारीख उजाडेपर्यंत माणसं नाताळाला कंटाळलेली असतात.

आमच्या लहानपणी घरात फळांच्या खोक्याची एक छोटी गव्हाण असायची. संध्याकाळी जपमाळ झाली की आम्ही भावंडं एकेक करून तिच्याजवळ जायचो. दिवसभरात कुणासाठी काही केलं असेल तर पेंढ्याची एक काडी आत टाकायची. काय केलं ते सांगायचं नाही, आई विचारायचीही नाही. २४ तारखेच्या रात्री बाळ येशूची मूर्ती त्या पेंढ्यावर ठेवायची. काड्या कमी पडल्या तर बाळाला खालची फळी टोचणार, एवढंच आम्हाला माहीत. एकदा मी भावांवर मात करायची म्हणून मूठभर पेंढा आत कोंबला. आईने बघितलं. म्हणाली, "पेंढा गुरांना पण लागतो गं." बस्स. त्या वर्षी पुढे मी आठवडाभर काडीला हात लावला नाही.

ही गोष्ट आमच्याच घरची असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. पुढे कळलं की गव्हाणीतली काडी अनेक देशांतल्या कॅथलिक घरांत असते. आणि वेदीवरच्या त्या चक्राचा उगम तर कॅथलिकही नाही. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिनरिच विखर्न नावाचे एक प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होते. १८३३ साली त्यांनी गरीब, बेघर मुलांसाठी घर उघडलं. मुलं रोज एकच विचारायची, नाताळ कधी? सांगून सांगून दमले असणार. १८३९ साली त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि बाकीच्या दिवसांसाठी छोट्या लाल मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची. मुलांची वाट बघणंही झालं आणि आकडेमोडही. आमच्या कॅथलिक चर्चमध्ये हे चक्र विसाव्या शतकात आलं.

या गोष्टीतली एक बाब मला गेल्या वर्षीपर्यंत दिसलीच नव्हती. ती मुलं 'गरजू' होती आणि चाक त्यांच्याच खोलीत होतं. बाहेरून कुणी येऊन त्यांच्यावर मेणबत्ती पेटवून फोटो काढला नव्हता.

तर गेल्या वर्षी मी ठरवलं, आईची गव्हाण वर्गात आणायची. हेतू चांगला होता. मुलं एकमेकांशी फार तोडून बोलायला लागली होती, कोण कुठल्या वस्तीतला यावरून चिडवाचिडवी चालायची. पण गव्हाण आणताना मी तिचा उपक्रम करून टाकला. शिक्षक मित्रांना हा शब्द कसा ऐकू येतो ते मी सांगायला नको. उपक्रम म्हटला की तक्ता आला, तक्त्यावर नावं आली, नावापुढे चांदण्या आल्या, आणि दर शुक्रवारी ग्रुपवर फोटो आले. 'दररोज एक चांगली कृती' असं मी रंगीत खडूने फळ्यावर लिहिलं. ज्याच्या चांदण्या जास्त त्याला २३ तारखेला बक्षीस.

पहिले तीन दिवस काय बघावं! मुलं फळा पुसायला धावतायत, कचरा उचलतायत, मावशींच्या हातातला झाडू हिसकावून घेतायत. चौथ्या दिवशी मला कळलं की मागच्या बाकावरची दोन मुलं करार करून आहेत. एक जण कागद टाकतो, दुसरा उचलतो, दुसऱ्या दिवशी उलट. दोघांनाही चांदणी. मी ओरडले खरी, पण मनात म्हटलं, व्यवस्था मीच तशी उभी केली आहे, पोरांनी फक्त तिचे नियम माझ्यापेक्षा लवकर ओळखले. मोठी माणसं याहून वेगळं काय करतात?

आणि मग तो मुलगा. त्याचे आईवडील मोखाडा तालुक्यातले, एका केळीच्या वाडीवर राखणदारी आणि मजुरी करतात, वाडीतल्याच खोलीत राहतात. वर्गात सगळ्यात साधे कपडे त्याचे. मुलांना चांगली कृती करायची होती, आणि कृती करायला कुणीतरी लागतो. सगळ्यात जवळचा, सगळ्यात सोयीचा तोच सापडला. एका दिवसात सात मुलांनी आपल्या नावापुढे चांदणी लावायला सांगितली, सातही जणांनी त्यालाच काहीतरी दिलं होतं. मी त्या सात चांदण्या लावल्या. हे लिहिताना आजही कसंतरी होतं. एक हुशार म्हणवून घेणारी शिक्षिका तक्त्यासमोर उभी राहून कौतुकाने सात चांदण्या चिकटवते आणि तिच्या मागे बसलेला पोरगा आपण सात वेळा गरीब ठरलो हे मोजतोय.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. एका पालकांनी स्वेटर आणून दिला होता. थंडी पडली होती, स्वेटर चांगला होता, कोरा होता. मी तो त्या मुलाला वर्गासमोर दिला. फोटो काढला. ग्रुपवर टाकला. कुणीतरी तो पुढे पाठवला, तिथून आणखी कुणी.

मुलगा तीन दिवस आला नाही तेव्हा मी वाडीवर जायचं ठरवलं, पण त्याआधी त्याची आईच शाळेत आली. कामावरून तशीच आली होती, हाताला केळीचा चीक. पिशवीतून स्वेटर काढून माझ्यासमोर ठेवला, धुऊन घडी केलेला.

"बाई, हा घ्या."

मी म्हटलं, "ताई, असू द्या ना, त्याला थंडीला होईल."

"थंडीला त्याला आहे. त्याच्या मामाने आणलाय. तो घालत नाही, खेळताना गरम होतं म्हणून." मग थोडी थांबून म्हणाली, "आमच्या गावातल्या पोराच्या मोबाइलवर फोटो आला. त्याच्या बापाला विचारतात, इतकी अडचण होती तर सांगितलं का नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही चांगल्यासाठीच केलं असणार." हे ऐकून जास्त वाईट वाटलं. चांगल्यासाठी हा शब्द आपण किती स्वस्तात वापरतो. ती उभीच होती, बसा म्हटलं तरी बसली नाही.

त्याच आठवड्यातला रविवार होता १५ डिसेंबर, तिसरा रविवार. मिस्सेतलं शुभवर्तमान बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं होतं, लूकच्या तिसऱ्या अध्यायातलं. लोक त्याला विचारतात, आम्ही काय करावं? ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक, नसलेल्याला द्यावा, हे त्याचं उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ असतं. स्वेटर वाटपाच्या कार्यक्रमाला हेच वाक्य लागतं. पण पुढे जकातदार विचारतात, शिपाई विचारतात. त्यांना तो दान करा म्हणत नाही. जकातदाराला सांगतो, ठरलंय त्याच्यापेक्षा जास्त वसूल करू नका. शिपायांना सांगतो, कुणाला धमकावून, खोटा आळ घेऊन पैसे उकळू नका, आपल्या पगारात भागवा. म्हणजे ज्याच्या हातात जेवढी सत्ता, त्याने ती नीट वापरायची, हीच त्याची आगमनकाळाची तयारी. मी बाकावर बसून विचार करत होते की शिक्षकाने हाच प्रश्न विचारला असता तर योहान काय म्हणाला असता. तक्ता काढ म्हणाला असता, बहुतेक.

सोमवारी तक्ता काढला. वर्गाला कारण सांगताना त्या मुलाचा उल्लेख केला नाही. एवढंच म्हटलं की बाईंचं चुकलं, नावं लिहायला नको होती. एका मुलीने विचारलं, "मग बक्षीस?" म्हटलं, नाही. "मग कशाला करायचं?" प्रामाणिक प्रश्न होता. आठवडाभर तो प्रश्न वर्गात तसाच पडून राहिला. गेल्या वर्षीचा आगमनकाळ तिथेच संपला असं समजा. मुलगा परत आला, माझ्याशी आधीसारखाच बोलायला लागला. मुलं आपल्याला फार लवकर माफ करतात. ती सवय आपण त्यांच्याकडून घेत नाही.

यंदा नोव्हेंबरमध्ये मी परत विचारात पडले. सोडून द्यावं का? पण आईची गव्हाण आठवायची. तिच्यात नावं नव्हती. साक्षीदार नव्हता. आणि आमच्याकडे देण्यासारखं काहीच नसल्यामुळे वस्तू देण्याचा प्रश्नच नव्हता. मग याच तीन गोष्टी यंदाचे नियम केले. नाव नाही, फोटो नाही, वस्तू किंवा पैसे द्यायचे नाहीत.

रोज सकाळी हजेरीनंतर एक चिठ्ठी वाचते. सोपी असते, पण करणाऱ्याला थोडी कळ लागेल अशी. आज कुणाचं बोलणं मधे तोडायचं नाही. आज खिचडीच्या रांगेत आपली जागा मागच्याला द्यायची आणि कारण सांगायचं नाही. आज घरी ज्याने पाणी भरलं त्याला विचारायचं की टँकर किती वाजता आला होता, आणि उत्तर पूर्ण ऐकायचं. या शेवटच्या चिठ्ठीवर दुसऱ्या दिवशी वर्गात इतकी चर्चा झाली की गणिताचा तास गेला. पहाटे तीन-साडेतीनला उठणाऱ्या आया बऱ्याच निघाल्या, आणि मुलांना ते पहिल्यांदाच कळलं होतं.

काही चिठ्ठ्या कॅलेंडरच देतं. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन होता. त्या दिवशी महाडचं चवदार तळं, १९२७ साल, हे सांगितलं आणि चिठ्ठी होती, ज्याच्या शेजारी आपण कधीच बसत नाही त्याच्या शेजारी दिवसभर बसायचं. येत्या २० तारखेला गाडगेबाबांची पुण्यतिथी. त्या दिवशी सफाईच्या मावशी यायच्या आत वर्ग स्वच्छ झालेला असला पाहिजे, आणि आम्ही केला असं त्यांना कुणी सांगायचं नाही. २४ डिसेंबर, म्हणजे गव्हाणीत शेवटची काडी पडते तो दिवस, साने गुरुजींचा जन्मदिवस. हा योगायोग मला इतकी वर्षं कसा सुचला नाही कोण जाणे. शाळेला त्या दिवशी सुट्टी असेल, पण चिठ्ठी आधीच घरी देणार आहे.

पण खरी गंमत चिठ्ठीत नाही, शेवटच्या दहा मिनिटांत आहे. शाळा सुटायच्या आधी वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकाने दोन प्रश्नांची उत्तरं लिहायची. आज माझ्यासाठी कुणी काय केलं? आज मी कुणाला टाळलं? आमच्या धर्मात ही जुनी रीत आहे. लोयोलाच्या संत इग्नाशियसने सोळाव्या शतकात आपल्या अनुयायांना रोजचं आत्मपरीक्षण शिकवलं, आणि त्याची सुरुवात चुकांपासून होत नाही, दिवसभरात काय मिळालं त्याच्या आठवणीने होते. मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो. 'मी काय केलं' असा प्रश्न ठेवला की मुलं चांदण्या मोजतात. 'माझ्यासाठी कुणी केलं' विचारलं की सगळेच घेणारे होतात, वर्गात देणारा आणि घेणारा असे दोन गट राहत नाहीत.

ते पान मी तपासत नाही. सुरुवातीला मुलांचा विश्वास बसला नाही. वही मागायचं कारण काढून मी बघेन असं त्यांना वाटत होतं. आता ज्याला वाटेल तो वाचून दाखवतो, कुणी दाखवत नाही. एकाने वाचलं, "आज कुणासाठी काही केलं नाही. झोप येत होती." वर्ग हसला, पण तो खरं बोलला होता. एका मुलीने वाचलं की ती अमुक मैत्रिणीच्या शेजारी बसायचं टाळते, कारण तिच्या दप्तराला बोंबलाचा वास येतो. घरी आता बोंबील सुकत घातलेले असतात ना. ती मैत्रीण तिथेच बसलेली. माझ्या छातीत धस्स झालं, म्हटलं परत तेच, परत एकीचा पंचनामा. पण ती मैत्रीणच म्हणाली, "तुझ्या अंगाला केवड्याच्या सेंटचा वास येतो, मला पण डोकं दुखतं." दोघी हसल्या. सगळं एवढ्यावर सुटलं असं मी म्हणत नाही. दोघी अजूनही वेगवेगळ्याच बसतात. पण ती गोष्ट पाठीमागे कुजबुजत बोलली जायची ती समोर बोलली गेली.

आता विरोधाचं सांगते, कारण तोही झाला आणि दोन्ही बाजूंनी झाला.

एका मुलाचे वडील पहिल्याच आठवड्यात आले. नीट, सभ्यपणे बोलले. "मॅडम, हा धर्मप्रसार तर नाही ना?" मी रागावले नाही. हल्ली ज्या प्रकारच्या क्लिपा त्यांच्या मोबाइलवर येतात त्या बघता प्रश्न पडणं स्वाभाविक आहे, आणि त्यांनी तो कुठल्या संघटनेला सोबत न घेता एकट्याने येऊन विचारला, हे तर मला आवडलंच. मी त्यांना राज्यघटनेचं कलम २८ सांगितलं. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही, मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. शाळा आमची असली तरी हे आम्हाला लागू आहे, आणि लागू असलंच पाहिजे. गव्हाण दाखवली, चिठ्ठ्यांचा डबा दाखवला. सगळं वाचून ते म्हणाले, "यात वाईट काही नाही, पण माझा मुलगा काडी टाकणार नाही." ठीक आहे म्हटलं. त्यांचा मुलगा ती दहा मिनिटं वाचनपेटीतलं पुस्तक घेऊन बसतो. त्याला कुणी काही बोलत नाही, हीही चिठ्ठीइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

दुसरा विरोध आमच्यातूनच. चर्चमध्ये वर्षानुवर्षं सेवा केलेले एक काका मिस्सेनंतर भेटले. म्हणाले, "बाई, आगमनकाळातून येशू काढून टाकलात तर उरलं काय? पेंढा?" बोलणं खोचक होतं, पण प्रश्न खोटा नाही. मी म्हटलं, काका, रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला मी मुलांना यशयाची भाकितं, मरिया, योहान, सगळं शिकवते, मेणबत्त्या तिथे पेटवते, प्रार्थना तिथे घेते. शाळेत वेगवेगळ्या घरची मुलं माझ्या विश्वासावर सोपवलेली आहेत. काकांचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही, खरं सांगते. मला आगमनकाळ म्हणजे नुसती चांगल्या वागणुकीची मोहीम वाटत नाही, कुणाची तरी वाट बघणं आहे ते. पण ज्याची वाट बघायची तो ज्यांच्यात जन्माला आला ती माणसं गोठ्यात उतरलेली, गावाबाहेरची होती. त्यांच्या जागी मी माझ्या वर्गातलं वाडीवरचं कुटुंब ठेवून बघते आणि मग फोटोसाठी मोबाइल वर उचलत नाही. शाळेत मला येशूसाठी एवढंच करता येतं.

पुराव्याचा प्रश्नही आला. उपक्रम घेतला तर फोटो कुठे, अहवाल कुठे, लाभार्थी किती? लाभार्थी हा शब्द शाळेतल्या कागदावर कधी शिरला माहीत नाही, पण आता जात नाही. मी रिकाम्या वर्गातल्या गव्हाणीचा एक फोटो काढून दिला. खोकं, त्यात थोडा पेंढा. "यात मुलं कुठे आहेत?" असं विचारलं गेलं. म्हटलं, घरी गेली.

यात कुणा एका माणसाला दोष द्यावा असं नाही. मुलांनी येताजाता बघितलेलं असतं तेच आपण त्यांना शाळेतही शिकवतो. आपल्या प्रत्येक नाक्यावर फ्लेक्स असतात. एक ब्लँकेट आणि ते धरलेले आठ हात. ब्लँकेट घेणारी म्हातारी मधोमध, आणि तिला सोडून सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. आता नाताळच्या शुभेच्छांचे फ्लेक्स लागतील, पाठोपाठ वाटपाचे. ज्यांना द्यायचंय त्यांनी जरूर द्यावं, थंडी खरी आहे आणि माणसंही. पण घेणाऱ्याचा चेहरा तेवढा फ्लेक्सवर नको. माझ्या हातून एकदा झालंय, म्हणून हक्काने सांगते.

आता पेंढ्याचं. यंदा नोव्हेंबरच्या शेवटी गव्हाणीसाठी पेंढा शोधायला निघाले तर मिळेना. आमच्या लहानपणी सुगीनंतर दाराशी उडवी रचलेली असायची. आता ज्या शेतांत भात होतं तिथे इमारती, गुरं कुणाकडे नाहीत, मग पेंढा कुठून? बाजारात गोठ्याच्या सजावटीसाठी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं रंगवलेलं गवत मिळतं. ते घ्यायचं मनात होतं. वर्गात सहज बोलले, तर तोच मुलगा, आता सातवीतला, म्हणाला, "आमच्या गावाला आहे ना पेंढा. बाबा भातकापणी उरकून रविवारी येणार आहेत, सांगू का?"

सोमवारी त्याचे वडील पेंढ्याचा भारा घेऊन शाळेत आले. मोखाड्याहून एसटीने आणलेला, पिवळाधमक, अजून भाताचा वास असलेला. मी विचारलं, "दादा, किती द्यायचे?" शेजारच्या वर्गाच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या, चार काड्यांचे पैसे कसले विचारते म्हणून. ते म्हणाले, "पन्नास द्या. एसटीत भाऱ्याचं वेगळं तिकीट पडलं." मी पन्नास दिले. त्यांनी मोजून घेतले, खिशात ठेवले, आणि भारा व्हरांड्यात नीट कोरड्या जागी उभा करून दिला. "खाली ठेवू नका, ओल धरतो," एवढं सांगून गेले. मला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

काडी टाकताना वर्गात कुणी नसावं म्हणून गव्हाण मागच्या कपाटाच्या आडोशाला ठेवली आहे. कोण टाकतं, किती टाकतं, मला कळत नाही. शुक्रवारी बघितलं तर अर्धी भरली होती. त्यात एक मूठभर गुंता एकदम कोंबलेलाही दिसला. कुणाचा ते विचारलं नाही. वर्गाकडे बघून फक्त म्हटलं, पेंढा गुरांनाही लागतो. मुलांना काही कळलं नाही, एक जण मात्र खाली बघत होता.

अजून दहा दिवस आहेत, शाळेचे त्यातले आठ-नऊ. उद्याची चिठ्ठी अजून सुचलेली नाही. तुम्हाला काही सुचत असेल तर खाली लिहा. सातवीच्या मुलांना जमेल असं हवं, वस्तू द्यायची नाही, पैसे नाहीत, आणि फोटो काढता येणार नाही.